भंगार कुणाला म्हणता?

आमच्या घरात तीन वस्तूंना कुणी नावं ठेवायची नाहीत असा एक अलिखित नियम आहे. एक वडिलांच्या वेळची सायकल, दुसरा सौभाग्यवतींच्या माहेरून आलेला तांब्याचा बंब आणि तिसरा 2017 च्या दिवाळीत घेतलेला संगणक. सायकल चालत नाही, बंब पेटत नाही, संगणक मात्र चालतो. म्हणूनच की काय, पहिला हल्ला त्याच्यावर झाला.

हल्ला करणारे गृहस्थ इचलकरंजीतले दुकानदार. नाव सांगत नाही, कारण प्रिंटरची शाई संपली की मला त्यांच्याच दारात उभं राहायचं आहे. कबनूरहून इचलकरंजीला जाणं म्हणजे एका ओसरीवरून उठून दुसऱ्या ओसरीवर बसणं. गाव कुठं संपलं आणि शहर कुठं लागलं, हे फक्त घरपट्टीच्या पावतीवरून कळतं. तर तो संगणक पोत्यात घातला, पोतं चिरंजीवांच्या मांडीवर आणि चिरंजीव मोटारसायकलवर माझ्या पाठीमागे, अशी वरात दुकानापाशी पोचली. दुकानदारांनी पोत्याची गाठसुद्धा सोडली नाही. वरूनच टिचकी मारून विचारलं,

"कितवी पिढी?"

मला वाटलं, घराण्याची चौकशी चालली आहे. म्हटलं, "कबनुरात आमची चौथी."

"तुमची न्हवं ओ. प्रोसेसरची."

"सातवी," चिरंजीव म्हणाले.

"मग भंगारच की. विंडोज अकराला आठवी लागती. सत्तर हजारात नवा बसवून देतो, ह्यो किलोवर जाईल."

वाचकहो, सातवी पास म्हणजे काय चीज होती हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच माझा संताप कळेल. माझे आजोबा सातवी पास. त्या काळी त्याला व्हर्नाक्युलर फायनल म्हणत आणि तेवढ्या शिदोरीवर माणूस मास्तर होऊन आख्ख्या पंचक्रोशीची पत्रं वाचून दाखवी. आणि आज कुणी दुकानदार पोत्यावर टिचकी मारून म्हणतो, सातवीला किंमत नाही, आठवी आणा!

घरी येऊन चौकशी केली तर दुकानदार खोटं बोलत नव्हते, ही आणखी वाईट गोष्ट निघाली. विंडोज 10 ची मोफत देखभाल 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. पुढची विंडोज 11 घ्यायची, तर टीपीएम 2.0 नावाची कुलूपकिल्ली हवी आणि इंटेलचा प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला, तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. जुन्यांना वर्षभराची मुदतवाढ देऊ केली, म्हणजे फाशीच्या कैद्याला गोडधोड विचारतात त्यातलाच प्रकार. कॅनालिस नावाच्या संस्थेनं 2023 च्या अखेरीस अंदाज बांधला होता की या एका निर्णयापायी जगातले सुमारे 24 कोटी संगणक भंगारात निघतील. चोवीस कोटी! त्यातले कितीक चांगले चालते, बोलते, हिशेब करते असतील. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते वेळेवर जन्मले.

आता तुम्ही म्हणाल, एका खोक्यासाठी एवढा गहिवर कशाला? त्याचं कारण आहे. 'भंगार' हा शब्द आमच्याकडे मोठ्यानं बोलत नाहीत. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला 1904 साली. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयानं विठ्ठलराव दातारांनी तो बसवला आणि तेव्हापासून या टापूला रात्री झोपताना खटखट ऐकू आली नाही तर झोप लागत नाही. आमचे आठ माग. आम्ही खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत आणि आमची मजुरी. गेल्या साली शेजारी एअरजेट आले, मजुरीचा भाव बसला आणि आठातले चार माग मी विकले. कुणी 'माग' म्हणून घेतले नाहीत. वजनकाट्यावर चढवून किलोच्या भावानं नेले. ज्या मागावर माझ्या वडिलांनी धाकट्या आत्याचं लग्न काढलं, त्याचं वजन किती हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. टेम्पो गेल्यावर शेडमधल्या फरशीवर चार चौकोन उरले, तेलाचे. तिथं अजून कुणी पाय ठेवत नाही. तेव्हा पोत्यावर टिचकी मारून कुणी 'किलोवर जाईल' म्हटलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे समजून घ्या.

शिवाय सत्तर हजार आणायचे कुठून? चिरंजीवांनी तोड सुचवली. ती अशी, की संगणक त्यांचा अभ्यासासाठी आहे, सबब त्याकडे खर्च म्हणून न पाहता गुंतवणूक म्हणून पाहावं. त्यांचा अभ्यास मी पाहिलेला आहे. त्यात मोटारी पळवतात आणि पोलिसांना चुकवतात.

अशा वेळी पुण्याहून पुतण्या आला. तो इंजिनिअरिंग शिकतो, म्हणजे त्याला सगळं ठाऊक असतं. म्हणाला, "काका, लिनक्स टाका. फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर मी सावरून बसलो. "कुठलं मिळतं?"

इथं माझी चूक झाली. पुतण्यानं श्वास घेतला आणि पुढचे दोन तास सोडला नाही. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट, आर्च, ओपनसूझे, पॉप ओएस, मांजारो, कॅशीओएस, नोबारा, बझाइट... मध्ये दोन वेळा चहा झाला. प्रत्येकात पुन्हा पोटजाती. एकाच मिंटचे तीन चेहरे : सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. मला एकदम आमच्या मेव्हण्याची आठवण झाली. त्यानं तिशीत स्थळं बघायला सुरुवात केली. एकीचं नाक, एकीचं गोत्र, एकीचा भाऊ. आज तो पंचेचाळीस वर्षांचा असून त्याला मुलगी बघण्याचा अनुभव महाराष्ट्रात सर्वांत जास्त आहे.

आणि इथंच माझं या लिनक्सवाल्या मंडळींशी भांडण आहे. दुकानदाराशी होतं त्याहून मोठं. अरे, दुकानदाराला निदान सत्तर हजार मिळणार होते! तुम्हाला काय मिळतं रे गरीब माणसाला घाबरवून? मूळ गोष्ट किती सोपी आहे. 1991 साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांना खुला करून दिला. हे झालं सूत. मग त्या एकाच सुताचं कुणी धोतर विणलं, कुणी पॉपलीन, कुणी मलमल. 1993 मध्ये डेबियन आलं. त्यावरून 2004 मध्ये उबुंटू निघालं आणि उबुंटूवरून 2006 मध्ये मिंट. खालचं सूत तेच. पण पॉपलीनवाला भेटला की सांगतो, मलमल वापरणारे अडाणी. मलमलवाला म्हणतो, धोतरवाले म्हातारे. आणि ज्याला अंग झाकायचं आहे तो बिचारा चौकात उघडाच.

"तुला कुठलं वाटतं?" मी पुतण्याला शेवटी विचारलं.

"आर्च. सगळं स्वतः निवडून स्वतः बसवायचं. रोज नवं असतं."

"आणि मिंट?"

"ते म्हातारे वापरतात, काका."

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. डोक्यावरून हात फिरवला, म्हणजे जिथं पूर्वी केस होते तिथून. पोरगं वरमलं.

माझं मत मी मागावर शिकलेलो आहे. कारखान्यात यंत्र निवडताना 'सगळ्यात भारी कुठलं' असं कुणी विचारत नाही. 'बंद पडलं तर उद्या सकाळी चालू करणारा माणूस गल्लीत आहे का' असं विचारतात. साधा माग एवढी वर्षं का टिकला? त्याचा धोटा, फणी, गिअर, काहीही मोडलं तरी इथल्याच फौंड्रीत ओतून मिळतं आणि आमचे जॉबरमामा तंबाखू मळता मळता बसवतात. झाकण उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. घरच्या संगणकाला तोच न्याय लावा. ज्याला रोज जीएसटीचं विवरण भरायचं आहे, बिलं छापायची आहेत, रात्री थोडं लिहायचं आहे आणि पोराला खेळू द्यायचं आहे, त्यानं रोज नवं होणारं काही घेऊ नये. रोज नवं होणारं वर्तमानपत्र बरं. संगणक कालच्यासारखाच आज उघडला पाहिजे. मिंटची बाविसावी मालिका उबुंटूच्या 24.04 या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभी आहे आणि 2029 पर्यंत तिची देखभाल चालणार आहे. तोवर मीही चालावा अशी अपेक्षा आहे.

मिंटवाल्यांची आणखी एक गंमत. त्यांच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात. आमच्या वाट्याला 22.2 आली, तिचं नाव झारा. मी आपला सहज पुतण्याला म्हणालो, "आज रात्री झारा उतरवून घेऊ." स्वयंपाकघरातून ताबडतोब उत्तर आलं, "खिळ्याला अडकवलाय. पण जागेवर ठेवा परत, उद्या पुऱ्या आहेत."

निवडीच्या छळावर एक औषध मात्र लिनक्सवाल्यांनीच करून ठेवलं आहे आणि त्याबद्दल त्यांना शंभर गुन्हे माफ. पेनड्राइव्हवर घेऊन, आत काही न बसवता, आधी नुसतं चालवून बघता येतं. पाहुणा म्हणून दोन दिवस राहा, पाणी कसं येतं ते बघा, मग भाडेकरार करा. मी पहिली परीक्षा मराठीची घेतली. 'तऱ्हा', 'दुसऱ्या', 'कोऱ्या' असे तीन शब्द टाइप केले. बऱ्याच ठिकाणी या शब्दांतल्या रचं डोकं फिरतं. इथं सरळ उमटला. लोहित नावाचा मराठी फॉन्ट लिनक्सवर कधीचा फुकट मिळतो. तो मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेला आणि 2004 मध्ये रेड हॅटनं सगळ्यांसाठी मोकळा केलेला. दिसायला देखणा नाही, पण इमानी आहे. जुने, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत लिहिलेले माझे पंधरा वर्षांचे लेख मात्र उघडले की अगम्य दिसतात. तसे ते पूर्वीही दिसत, असं सौभाग्यवतींचं म्हणणं.

हिशेबाचं प्रकरण इतकं गोड नाही, तेही सांगतो. बिलं, पगारपत्रक, विणलेल्या मीटरचे तक्ते लिबरऑफिसमध्ये झाले. जीएसटी आणि ई-वे बिल ब्राउझरमधून होतं, त्याला खालचं सूत कुठलं हे विचारायची गरज पडत नाही. पण चार्टर्ड अकाउंटंटकडे जे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे ते विंडोजचं. त्याची फाइल त्यांच्याकडेच जाऊन बघावी लागते. डिजिटल सहीच्या डोंगलनं तर एक आख्खा रविवार खाल्ला. ज्याचा सगळा धंदाच अशा एखाद्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यानं माझं ऐकून काही करू नये आणि मग मला शिव्या देऊ नयेत.

राहता राहिला खेळ. चिरंजीवांची खात्री होती की या एका मुद्द्यावर बाप हरणार. लिनक्सवर खेळ चालत नाहीत, हे त्यांच्या मित्रमंडळींत वेदवाक्य. आणि ते एके काळी खरंही होतं. पण 1993 पासून वाइन नावाचा एक प्रकल्प विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायच्या खटपटीत आहे (नाव ऐकून सौभाग्यवतींनी पुन्हा कान टवकारले) आणि त्याच्याच पायावर 2018 मध्ये स्टीमवाल्या वॉल्व्ह कंपनीनं प्रोटॉन उभं केलं. हा दुभाषा आहे. खेळ बोलतो विंडोजच्या भाषेत, प्रोटॉन ते क्षणात उलगडून लिनक्सला सांगतो, चित्र पडद्यावर येतं आणि खेळाला पत्ताच नसतो की आपण सासरी आलोय. वॉल्व्हनं 2022 मध्ये हातात धरून खेळायचं स्टीम डेक काढलं, त्याच्या पोटातही लिनक्सच, तेसुद्धा पुतण्याच्या आर्चवर बेतलेलं. हे मी त्याला मुद्दाम सांगितलं नाही.

आमच्याकडे काय झालं ते ऐका. पहिल्या दिवशी एकही खेळ सुरू झाला नाही. चिरंजीवांचा चेहरा असा खुलला, की निकालाच्या दिवशी कधी खुलला नव्हता. दोष निघाला आमचाच. खेळ ठेवले होते विंडोजच्या पद्धतीनं आखलेल्या जुन्या डिस्कवर, आणि प्रोटॉनला ती जागा मानवत नाही. डिस्क लिनक्सच्या पद्धतीनं पुन्हा आखली, खेळ दोन रात्री जागून पुन्हा उतरवले, स्टीममधली प्रोटॉनची खूण चालू केली, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मिंटच्या खिडकीतून निवडला आणि विचर थ्री आमच्या कबनूरच्या माडीवर तलवार घेऊन उभा राहिला. काउंटर-स्ट्राइक 2 ला तर दुभाषाही लागत नाही. ते मुळातच लिनक्ससाठीही बनवलेलं. ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्हमधली एकट्यानं खेळायची गोष्ट चालली. पोलीस मागे, चिरंजीव पुढे. अभ्यास पूर्ववत सुरू झाला.

पण दोस्तांबरोबर ऑनलाइन खेळायला गेलं की दार बंद. सप्टेंबर 2024 मध्ये त्या खेळाच्या ऑनलाइन भागाला बॅटलआय नावाचा पहारेकरी बसवला, तेव्हापासून तो लिनक्सवाल्यांना आत सोडत नाही. एपेक्स लीजंड्सनं त्याच वर्षी दार लावून घेतलं. फोर्टनाइट आणि व्हॅलोरंट यांनी आधीपासूनच. लबाडी करणारे खेळाडू पकडायचे म्हणून हा सगळा बंदोबस्त. लबाड पकडावेत, माझं काही म्हणणं नाही. पण पहारेकरी किती आत येणार, याला काही सुमार? व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड संगणकाच्या थेट गाभ्यात मुक्काम करतो. जत्रेत तंबूच्या दारावर तिकीट तपासणारा असतो, त्यानं तपासावं. त्यानं 'तुमच्या घराची किल्ली द्या, मी आजपासून देवघरात झोपतो, तरच तमाशा बघायला मिळेल' असं म्हटलं तर आमच्याकडे त्याचं काय करतील हे मी लिहीत नाही. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय हे दोन्ही पहारेकरी लिनक्सवर काम करू शकतात, फक्त खेळ बनवणाऱ्यानं तशी परवानगी द्यावी लागते. म्हणजे अडचण यंत्राची नसून इच्छेची आहे. तरी घरात या चारातला एखादा खेळच ज्याचा श्वास असेल, त्यानं लिनक्सच्या नादी लागू नये. पोराला आधी विचारा. मी विचारलं नव्हतं, आणि तीन दिवस घरात अबोला होता.

मधल्या काळात पुतण्याचं काय झालं? त्याच्या खोलीतल्या संगणकातही आमच्यासारखंच 1050 टीआय कार्ड. डिसेंबर 2025 मध्ये एनव्हिडियाच्या 590 क्रमांकाच्या नव्या ड्रायव्हरनं त्या दहाच्या मालिकेतल्या कार्डांची साथ सोडली. आर्च रोज नवं, त्यामुळे तिथं तो ड्रायव्हर ताबडतोब आला आणि एके सकाळी पोराच्या पडद्यावर काळोख. जुना ड्रायव्हर वेगळा हुडकून बसवावा लागला. फोनवर सांगत होता, "त्यात काय, तासाभराचं काम आहे, शिकायला मिळतं." आमची म्हातारी झारा जुन्याच ड्रायव्हरवर शांतपणे डुलत होती. मी फोनवर काही बोललो नाही. मोठ्या माणसानं हसू नये म्हणून फोन चिरंजीवांकडे दिला. ते हसले.

आता माझ्यावर एक आरोप होईल, तो मीच करून टाकतो. फुकट मिळालं म्हणून हा माणूस गुण गातोय. अहो, मग केरळला काय म्हणाल? तिथल्या सरकारी शाळांत पंधरा-वीस वर्षं पोरं लिनक्सवरच शिकताहेत. आपल्याच सी-डॅकनं 2007 मध्ये बॉस नावाचं भारतीय लिनक्स काढलं. नाव साहेबी असलं तरी त्यात मराठी आहे. फुकट हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग. मुख्य भाग हा, की चांगलं चालणारं यंत्र कधी म्हातारं झालं हे ठरवायचा अधिकार ते चालवणाऱ्याचा. विकणाऱ्यानं तो ठरवायचा म्हणजे मुलीच्या बापानंच जावयाच्या निवृत्तीची तारीख काढण्यासारखं आहे. कंपनीनं नवं काढावं, हजार वेळा काढावं, ज्याला परवडतं त्यानं घ्यावं. पण जुन्याला 'नालायक' असा शिक्का मारून मग नव्याचं दुकान मांडणं, याला व्यापार म्हणत नाहीत. आमच्याकडे त्याला वेगळा शब्द आहे आणि तोही लिहिण्यासारखा नाही.

गेल्या आठवड्यात दुकानदारांकडे शाई आणायला गेलो होतो. त्यांनी विचारलं, "काय, घेतला का नवा?"

"नाही. लिनक्स टाकलं. चालतोय."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, काउंटरवरून पुढं वाकले आणि हळूच म्हणाले, "माझ्या घरचा बी सातवीचाच हाय. येताय का रविवारी?"

रविवारी मला जमलं नाही, कारण मागाचा बीम बदलायचा होता. जॉबरमामा काम आटोपून माडीवर चहाला आले. चिरंजीव संगणकाचं झाकण काढून आतली धूळ ब्रशानं झाडत होते. मामांनी चष्मा पुसला, वाकून आत पाहिलं, पंख्याला बोटानं एक गिरकी दिली.

"ह्योच व्हय त्यो भंगारातला?"

"हाच."

"झाकण निघतंय न्हवं?" मामा बशीत चहा ओतत म्हणाले. "आन् ह्यो पंखा जरा घासतोय. थेंबभर तेल हाय का घरात?"